खोड कुणी सांगायची?

आमच्या घरात 'गाडी' हा शब्द फार वर्षं बैलगाडीसाठीच वापरला जात होता. त्यामुळे माझ्या भाच्यानं २०२१ च्या दसऱ्याला नवी कोरी मोटार घेतली, तेव्हा सगळ्या मोहल्ल्यानं ती हात लावून पाहिली. बहिणीनं दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी आपट्याची पानं वायपरखाली खोचली. शोरूममध्ये किल्ली घेताना भाच्यानं त्या सेल्समनला सहज विचारलं होतं, "काही डाग-बीग नाही ना?" सेल्समन हसला आणि त्यानं पेढ्याचा बॉक्स पुढे केला. हे हसणं लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आठ महिन्यांनी बाजारपेठेत एका मोटारसायकलचं हँडल गाडीच्या मागच्या दाराला घासलं. भाचा गाडी घेऊन आमच्या ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेला. तो माणूस पंचवीस वर्षं हेच काम करतोय. त्यानं ओरखडा बघितलाच नाही. बोटाच्या पेरानं दारावर टकटक केली, मग पुढच्या दारावर केली. दोन्ही आवाज वेगळे होते. मग दाराच्या कडेचं रबर ओढून आत बोट फिरवलं. रबरावर रंगाचा बारीक फवारा उडालेला होता. तो म्हणाला, "भाई, हे दार आधी ठोकलेलं आहे. खाली पुट्टी आहे. रंग कारखान्यातला नाही, हाताचा आहे."

भाच्यानं शपथेवर सांगितलं की गाडीला आजवर कधी धक्का लागलेला नाही. म्हणजे जे झालं ते गाडी त्याच्या हातात येण्याआधी झालं होतं. ट्रकवरून उतरवताना असेल किंवा शोरूमच्या मागच्या आवारात असेल. कुणीतरी ते दार ठोकलं, कुणीतरी रंगवलं आणि नवी गाडी म्हणून पेढ्यांसकट हातात दिली. शोरूममध्ये विचारायला गेला तेव्हा आधी 'असं होऊच शकत नाही' हे उत्तर मिळालं. मग 'कंपनीतूनच तशी आली असेल' आणि शेवटी 'गाडी चालतीये ना नीट? मग काय बिघडलं?'

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए. पर्यंतचं. वकिली माझा प्रांत नव्हे. पण 'मग काय बिघडलं' हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दार गेलं नव्हतं, इंजिन गेलं नव्हतं. मग नेमकं काय गेलं? आणि जे गेलं ते सांगायची जबाबदारी कुणाची? विकणाऱ्यानं बोलायचं, की घेणाऱ्यानं बघून घ्यायचं? शोध घेत गेलो तेव्हा कळलं की माणूस बाजारात बसायला लागला तेव्हापासून हा प्रश्न त्याच्याबरोबर आहे. आज त्याच प्रश्नाचा थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात आपल्याकडून करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विकणं, घेणं आणि त्यानंतरचा पश्चात्ताप यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सौदा झाल्यावर मन बदललं तर किती दिवसांत तो मोडता येईल, याच्या मुदती त्यात दिल्या आहेत. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री, गुराख्याला पाच रात्री. ज्याला बाजाराची जाण जास्त त्याला मुदत कमी, असा यातला हिशेब दिसतो. आजारी जनावर निरोगी आणि उमदं आहे असं सांगून विकलं तर बारा पणांचा दंडही आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत वस्तूनुसार पारखण्याच्या मुदती आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच दिवस, रत्नाला सात, बियाण्याला दहा. ही माणसं शेतीतली होती हे लगेच कळतं. गाय खरंच किती दूध देते हे कळायला तीन दिवस लागतात. बियाणं उगवतं की नाही हे कळायला आठवडा पुरत नाही. खोट कळायला जितका वेळ लागतो, तितका वेळ घेणाऱ्याला द्यावा, हे त्यामागचं साधं शहाणपण. याच याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' ही टीका लिहिली ती आपल्या शेजारी, चालुक्यांच्या कल्याणीत. इंग्रजांच्या कोर्टातसुद्धा पुढे ती प्रमाण मानली गेली.

या याद्या वाचताना एका जागी मान खाली जाते, तेही सांगायला हवं. लोखंड, बी, गाय यांच्याबरोबर दास आणि दासी यांचीही मुदत त्यात आहे. माणूसही परखून घ्यायचा माल होता.

रोममध्येही तसंच. तिथं बाजारावर देखरेख करणारे अधिकारी होते, त्यांना ईडाईल म्हणत. गुलामांचा आणि गुरांचा बाजार हा सगळ्यात बनवाबनवीचा बाजार, म्हणून त्यांनी हुकूम काढला. विकणाऱ्यानं माल दाखवतानाच त्याचा आजार किंवा दोष उघड सांगितला पाहिजे. गुलामाच्या बाबतीत तर ते पाटीवर लिहायचं. सांगितलं नाही आणि नंतर दोष निघाला, तर घेणाऱ्याला दोन वाटा होत्या. सहा महिन्यांच्या आत माल परत करून पैसे घ्यायचे किंवा वर्षाच्या आत किमतीतला फरक मागायचा. 'मला स्वतःलाच माहीत नव्हतं' ही सबब विकणाऱ्याला चालत नसे. माल परत किंवा फरक परत, ही जोडी ध्यानात ठेवा. दोन हजार वर्षांनंतरही ग्राहक आयोगात आपण हेच दोन पर्याय मागतो.

रोमन वक्ता सिसेरो यानं इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो घर विकणाऱ्या माणसाचं उदाहरण घेतो. घर बाहेरून चांगलं दिसतं, पण मालकाला माहीत आहे की ते रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड पोखरलेलं आहे. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. हा खोटेपणा झाला का? एक तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, घ्यायची बळजबरी तर कुणी केली नव्हती. दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं हा जर अपराध, तर जाणूनबुजून त्याला खड्ड्यात जाऊ देणं हा त्याहून मोठा. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. शोरूममधलं 'मग काय बिघडलं' हे त्या पहिल्या तत्त्वज्ञाचं वाक्य आहे, हे वाचून मला हसू आलं.

आता माझ्या घरातली परंपरा. लहानपणी शुक्रवारच्या खुतब्यात मौलवीसाहेब एक प्रसंग सांगत. पैगंबरसाहेब मदिनेच्या बाजारातून जात होते. धान्याचा ढीग दिसला. त्यांनी त्यात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विचारलं, हे काय? विकणारा म्हणाला, पावसात भिजलं. त्यावर ते म्हणाले, मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. आणि पुढे म्हणाले, फसवणारा आमच्यातला नव्हे. यात एक बारकावा आहे. धान्य भिजलं हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता, पाऊस काही त्याच्या हातात नव्हता. ओलं धान्य विकायलाही मनाई झाली नाही. मनाई झाली ती सुकं वर आणि ओलं खाली ठेवण्याला. दुसरी एक शिकवण जनावरांच्या बाजारातली आहे. विकण्याआधी शेळी किंवा उंटीण मुद्दाम पिळायची नाही, म्हणजे सड भरलेले दिसतात. अशी फसगत झालेल्या घेणाऱ्याला जनावर परत करायची मुभा दिली आहे. आपल्या आठवडी बाजारातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ही युक्ती अरबस्तानातली आहे हे सांगावं लागतं, इतकी ती आपली वाटते.

या शिकवणीतून इस्लामी कायदेपंडितांनी एक नियम बांधला. त्याचं नाव 'खियार-उल-ऐब', म्हणजे दोष निघाला तर सौदा ठेवायचा की मोडायचा याचा घेणाऱ्याला असलेला अधिकार. 'ऐब' हा शब्द आमच्या घरात रोजचा. बाराव्या शतकात मध्य आशियात लिहिलेल्या 'हिदाया' या ग्रंथात ऐब कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्यामुळे वस्तूची किंमत उतरते, तो ऐब. हा ग्रंथ चार्ल्स हॅमिल्टननं १७९१ मध्ये इंग्रजीत आणला आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत तो वापरला गेला. औरंगजेबाच्या काळात तयार झालेल्या 'फतावा-ए-आलमगिरी'तही हा विषय आहे. हनफी पंडितांनी आणखी एक व्यवहारी गोष्ट सांगितली. घेणाऱ्याच्या हातात वस्तूला नवा दोष लागला असेल, तर ती परत करता येत नाही, पण जुन्या दोषामुळे उतरलेल्या किमतीचा फरक मात्र मागता येतो. भाच्याच्या गाडीला हा नियम किती चपखल बसतो पाहा. मोटारसायकलचा ओरखडा त्याच्या हातात असताना पडला, पुट्टी आधीची.

मग हे सगळं असताना 'घेणाऱ्यानं सावध असावं' हे आलं कुठून? मुख्यतः इंग्लंडमधून. १६०३ मध्ये तिथं एक खटला गाजला. एका सोनारानं शंभर पौंडांना एक खडा विकला आणि तो 'बेझोअर' आहे असं सांगितलं. बेझोअर म्हणजे जनावराच्या पोटात तयार होणारा खडा. फारसी 'पादजहर' म्हणजे विषावरचा उतारा, त्यावरून हे नाव पडलं. खडा बेझोअर नव्हता. घेणाऱ्यानं दावा लावला. न्यायालय म्हणालं, सोनारानं नुसतं 'हा बेझोअर आहे' असं म्हटलं, हमी कुठं दिली होती? हमी नाही तर दावा नाही. शंभर पौंड तेव्हा फार मोठी रक्कम होती. पुढची दोन-अडीचशे वर्षं इंग्रजी व्यापार या वाटेनं चालला. डोळे उघडे ठेव, नाहीतर पाकीट उघडं ठेव, असा तो मामला.

हेच इंग्रज आपल्याकडे १८७२ मध्ये कराराचा कायदा घेऊन आले. तो कायदा आजही लागू आहे. त्याचं सतरावं कलम मी सावकाश वाचलं आणि वाटलं की हा तर गुरांचा बाजारच आहे. कलम म्हणतं, माहीत असलेली गोष्ट प्रयत्नपूर्वक लपवणं ही फसवणूक आहे. पण नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही. अपवाद दोन. जिथं बोलणं हे कर्तव्य असेल तिथं, किंवा जिथं गप्प राहणं हेच बोलण्यासारखं असेल तिथं. समजण्यासाठी कायद्यानं घोड्याची उदाहरणं दिली आहेत. लिलावात अधू घोडा विकला आणि विकणारा काही बोलला नाही, तर फसवणूक नाही. पण घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर बापानं तिला सांगायला हवं. आणि तिसरं उदाहरण तर आमच्या भाच्यासाठीच लिहिलेलं. घेणारा म्हणतो, 'तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरतो.' विकणारा गप्प. इथं त्याचं गप्प राहणं म्हणजे 'घोडा चांगला आहे' असं बोलणंच. 'काही डाग-बीग नाही ना?' या प्रश्नावर सेल्समन नुसता हसला होता. १८७२ च्या कायद्याच्या हिशेबानं ते हसणं हे उत्तर होतं. शिवाय रबराच्या आतून मास्किंग करून रंग मारणं याला नुसतं गप्प राहणं कसं म्हणायचं?

१९३० मध्ये मालविक्रीचा वेगळा कायदा झाला. घेणाऱ्यानं सावध असावं हे तत्त्व त्यातही आहे, पण त्याला भोकं पाडली गेली. माल बाजारात चालण्याजोगा असला पाहिजे, ही न लिहिलेली अट प्रत्येक व्यापाऱ्यावर आली. घेणाऱ्यानं माल तपासला असेल, तर तपासणीत जे सहज दिसायला हवं होतं त्याबद्दल तक्रार नाही. जे दिसणं शक्यच नव्हतं, त्याबद्दल मात्र तक्रार करता येते. दाराच्या रबराखाली बोट घालून कोण नवी गाडी घेतो?

खुद्द मोटारीचा याच प्रश्नावरचा जगातला सगळ्यात गाजलेला खटला अमेरिकेत झाला. १९९० मध्ये अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात एका डॉक्टरनं अधिकृत विक्रेत्याकडून काळ्या रंगाची नवी बीएमडब्ल्यू घेतली. किंमत ४०,७५० डॉलर. नऊ महिने चालवली, काही वावगं दिसलं नाही. मग गाडी अजून झळाळावी म्हणून पॉलिश करणाऱ्याकडे नेली. तो कारागीर म्हणाला, ही गाडी पुन्हा रंगवलेली आहे. आमच्या पेंटरचा हा अमेरिकन भाऊबंदच म्हणायचा. चौकशीत निघालं ते असं. जर्मनीहून येताना, बहुधा आम्लयुक्त पावसानं, रंग खराब झाला होता. कंपनीनं छत, बॉनेट, डिकी वगैरे भाग पुन्हा रंगवून गाडी नवी म्हणून पाठवली होती. आणि ही एकट्या गाडीची गोष्ट नव्हती. १९८३ पासून कंपनीचं धोरणच होतं की दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर कुणाला काही सांगायचं नाही, अगदी आपल्या विक्रेत्यालाही नाही. या गाडीचा दुरुस्तीखर्च होता ६०१ डॉलर, म्हणजे दीड टक्का.

आता इथं 'हिदाया'तली व्याख्या आठवा. कंपनी म्हणत होती, ऐब म्हणजे आमचा दुरुस्तीचा खर्च. तो ६०१ डॉलर. पण एका जुन्या विक्रेत्यानं साक्ष दिली की पुन्हा रंगवलेल्या गाडीची किंमत बाजारात दहा टक्क्यांनी उतरते. म्हणजे जवळपास ४,००० डॉलर. एकच दोष, पण मापं दोन. ज्यूरीनं बाजाराचं माप धरलं आणि ४,००० डॉलर भरपाई दिली. त्यावर कंपनीला धडा म्हणून ४० लाख डॉलरचा दंड सांगितला. अशा सुमारे हजार गाड्या देशभर विकल्या होत्या, हजार गुणिले चार हजार असा तो हिशेब. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयानं दंड निम्मा केला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे १९९६ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयानं सांगितलं की वीस लाखही वाजवीपेक्षा फार जास्त आहेत. भरपाईच्या पाचशे पट दंड लावणं हे न्यायाच्या प्रक्रियेत बसत नाही. १९९७ मध्ये अलाबामाच्या न्यायालयानं तो ५०,००० डॉलरवर आणला. आज हा खटला कायद्याचे विद्यार्थी शिकतात ते दंडाला मर्यादा असावी या मुद्द्यासाठी. माझ्या मनात मात्र दुसरी गोष्ट राहिली. ज्यूरीचा तो अवाढव्य निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीनं धोरण बदललं आणि दुरुस्ती कितीही लहान असो, ती उघड सांगायचं ठरवलं. दंड पुढे उतरला, पण तोवर बोलायची सवय लागली होती.

गप्प राहण्यानं केवळ एका डॉक्टरचं किंवा एका भाच्याचं नुकसान होत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येकच गाडीकडे संशयानं बघतो आणि कमी किंमत देतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून उठून जातो. मागे उरतात त्या खोटीच्याच गाड्या. एकाच्या लबाडीची किंमत शेवटी सगळे प्रामाणिक लोक भरतात. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ मध्ये ॲकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडचे जुने लोक 'बाजार उठला' म्हणतात, त्याचं हे शास्त्र.

आपल्याकडे ग्राहकाच्या बाजूनं उभं राहण्यात महाराष्ट्र पुढे होता. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०२० च्या जुलैपासून त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्यानं घेतली. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून दाखवणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. नव्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली. मुदत दोन वर्षांची. गोव्यातल्या एका प्रकरणात विक्रेत्यानं २०११ च्या गाडीचे पैसे घेऊन २००९ ची, सहाशेहून जास्त किलोमीटर फिरलेली गाडी दिली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली, पण कारखानदार टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण विक्रेत्यानं काय केलं हे त्या कंपनीला माहीत होतं असं सिद्ध झालं नव्हतं. म्हणून तक्रार करताना खोट कुणाच्या हातून लपली, हे नीट मांडावं लागतं.

भाच्यानं तसंच केलं. आम्ही दोघांनी बसून एक साधं पत्र लिहिलं. आरोप नाही, शिवी नाही. एकच प्रश्न होता. 'डिलिव्हरीआधी या गाडीच्या उजव्या मागच्या दाराचं काम झालं होतं का? होय की नाही, हे लेखी कळवा.' सोबत दार उघडून काढलेले फोटो, पेंटरचं लेखी म्हणणं आणि खरेदीचं बिल. उत्तर महिनाभर आलं नाही. वकिलाची नोटीस गेली, मग जिल्हा आयोगात तक्रार. पहिल्या तारखेआधी शोरूमचा माणूस घरी आला. पस्तीस हजार रुपयांवर समझोता झाला. किमतीतला फरक मिळाला, म्हणजे रोमन बाजारातली दुसरी वाट.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण गेल्या वर्षी भाच्याची बदली झाली आणि त्यानं गाडी विकायला काढली. एके रात्री त्याचा फोन आला. "मामू, गिऱ्हाईक चांगलं आहे. शाळेतले मास्तर आहेत. गाडी आवडलीय. दाराचं त्यांनी काही विचारलंच नाही. मग मी कशाला सांगू?"

मी काही बोललो नाही. मला दादांची आठवण झाली. माझे आजोबा आठवडी बाजारात बैलांचे दलाल होते. उपरण्याखाली बोटं धरून सौदे करायचे. दात बघून आदत, दुसा, चौसा सांगायचे. त्यांची एक गोष्ट अब्बांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, तीही खाली बघत. एका बैलाला बसायची खोड होती. नांगराला जुंपला की तासाभरात बसायचा. विकणाऱ्यानं दादांना ते सांगितलं होतं. घेणाऱ्यानं विचारलं नाही, दादा गप्प राहिले आणि दलाली घेतली. तिसऱ्या दिवशी तो शेतकरी बैल घेऊन आला. भांडला नाही. बैल आमच्या दारातल्या लिंबाला बांधला, आजीकडे पाणी मागून प्यायला आणि चालत निघून गेला. दादांनी त्या बैलाला पुढच्या बाजारापर्यंत वैरण घातली. मग खोड सांगून तो विकला. जितके कमी आले तितके खिशातून भरून त्या शेतकऱ्याच्या गावी जाऊन दिले. त्यांनी 'हिदाया' वाचला नव्हता, त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. भिजलेल्या धान्याची गोष्ट मात्र त्यांनीही मशिदीत ऐकली असणार, बैल विकण्याआधीही आणि नंतरही.

मी ही गोष्ट भाच्याला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "मामू, पण मला कुठं कुणी सांगितलं होतं? फसलो तो मीच." त्याचं चूक नव्हतं. फसलेल्या माणसाला वाटतं, आता आपली पाळी. अशाच पाळ्या लागत गेल्या की बाजार उठतो. मी इतकंच म्हणालो, "तू शोरूमला जो प्रश्न लिहून विचारलास, तोच उद्या मास्तरांनी तुला विचारला तर?"

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीच्या फाइलमध्ये पेंटरचा कागद आणि समझोत्याची प्रत घातली आणि फाइल मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी दोन्ही कागद वाचले, दारावर टकटक करून पाहिलं आणि किमतीतून पंधरा हजार कमी केले. भाचा थोडा नाराज होता. पण पुढच्या आठवड्यात मास्तरांनी त्यांच्या मेव्हण्याला त्याच्याकडे पाठवलं. मेव्हण्याला जुनी मोटारसायकल घ्यायची होती आणि भाच्याकडे एक पडून होती. मास्तरांनी त्याला सांगितलं होतं म्हणे, "त्या पोराकडे जा. खोड असली तर तो आधी सांगेल."